कामाआधीची पोच

“काम झाल्याशिवाय पोच द्यायची नाही गं. एवढं एक ऐक माझं.”

वाघमोडे सर हे बोलले तेव्हा शरयूला आठवा महिना लागला होता. मागे टेकलं की बाळ बरगडीखाली लाथ मारायचं, पुढे वाकलं की छातीत जळजळायचं, आणि रजेवर जायला उरले होते दोन दिवस. अशात कोण कुणाचं ऐकतं? तिने “हो सर” म्हटलं, आणि सर चहा आणायला वळले तशी प्रोग्रॅममधली एक ओळ खालून उचलून वर नेऊन ठेवली. एकच ओळ. मग पर्स उचलून घरी गेली.

‘विचारपूस’ ही त्यांच्या कंपनीची सेवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर एक पट्टी; ती अंगाचा ताप मोजते; तो आकडा फोनच्या वेळीच बघितला जातो. उन्हाळ्यात रोज सकाळ-दुपार फोन जातो: जेवलात का, पाणी प्यायलात का, चक्कर येतेय का. फोन यंत्राचा, पण आवाज घरच्याच माणसाचा. लेकीने किंवा मुलाने दहा मिनिटं बोलून आपला आवाज नमुन्याला दिला की पुढे यंत्र त्याच आवाजात बोलतं. फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला फोन, तोही नाही उचलला तर जवळचा स्वयंसेवक घरी. विदर्भ-मराठवाड्यात पारा सत्तेचाळीसला टेकायला लागल्यापासून चाळीस हजारांवर घरांनी ही सेवा घेतली होती.

चाळीस हजार फोन एकदम लागत नाहीत. म्हणून प्रत्येक फोनची एक चिठ्ठी बनते आणि चिठ्ठ्या रांगेत उभ्या राहतात. पलीकडे ‘वर्कर’ असतात, म्हणजे माणसं नव्हेत, एकच काम पुन्हापुन्हा करणारे छोटे प्रोग्रॅम. मोकळा झालेला वर्कर पुढची चिठ्ठी उचलतो, फोन लावतो, बोलणं झालं की त्याचं टिपण लिहितो आणि रांगेला कळवतो, ‘झालं.’ ही पोच. पोच मिळाली की रांग ती चिठ्ठी फाडते. वर्कर मध्येच बंद पडला तर पोच येत नाही. रांग थोडा वेळ वाट बघते आणि तीच चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात देते. रांगेची सगळी पुण्याई यातच आहे. कोणीही कोसळलं तरी काम हरवत नाही.

पण कधी कधी काम दोनदा होतं. वर्कर फोन करतो, आणि पोच देणार तेवढ्यात त्याचं मशीन बंद होतं. रांगेला वाटतं काम राहिलंय. पुन्हा फोन.

त्या मे महिन्यात हे फार व्हायला लागलं, कारण सरकारचा नवा उष्मा-नियम. पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की दुपारी एक ते पाच सर्व्हर-केंद्रांनी तीस टक्के वीज सोडायची. ती दवाखान्यांना जाणार. मशिनं पाळीपाळीने बंद व्हायची आणि त्यांच्यावरचे वर्कर हातातल्या चिठ्ठीसकट झोपायचे. तक्रारी सुरू झाल्या. त्यातली एक थेट शरयूच्या आईची.

“अवं, तुह्यं मशीन येडं झालं काय?” कुंदाबाई अकोल्याहून कडाडल्या होत्या. “एका घंट्यात तीनदा विचारलं, ‘आई, पाणी प्यायलीस का?’ मी काय म्हैस आहो काय, घडीघडी पाण्यावर न्यायले?”

शरयू हसली होती, पण ते तिला लागलंही होतं. आवाज तिचाच होता ना. तिच्याच आवाजात कुणीतरी आईला तीन-तीनदा पिडत होतं.

“फोन लावायच्या आधी वर्करने नोंद बघावी, तासाभरात बोलणं झालंय का,” सर म्हणाले होते. “ते लिहायला आठवडा जाईल, जाऊ दे. पण पोच आधी द्यायचा शॉर्टकट नको.” ऑफिसात सगळे ‘अ‍ॅक’ म्हणायचे, सांगोल्याकडचे वाघमोडे सर मात्र ‘पोच’च म्हणायचे. “पोस्टमनने सही आधी घेतली आणि वाटेत त्याला भोवळ आली, तर? पाकीट गटारात, आणि वहीत मात्र ‘मिळालं’.”

आठवडा तिच्याकडे नव्हता. चिठ्ठी हातात आल्याआल्या पोच, फोन नंतर. एका ओळीचा बदल. दुसऱ्या दिवसापासून दुहेरी फोन थांबले, तक्रारी थांबल्या, डायरेक्टरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. चार दिवसांत वळीव झाला, पारा उतरला, मशिनं बंद करायची गरज उरली नाही. जुलैत रेवा जन्मली.

ती ओळ तिथेच राहिली.

---

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार. दोनला दहा कमी. पुण्यातही बेचाळीस. रेवाला दात येत होते आणि सकाळपासून तिने शरयूला खाली म्हणून बसू दिलं नव्हतं. कडेवर रेवा, टेबलावर उघडा लॅपटॉप, ओट्यावर अर्धी चिरलेली भेंडी.

दातांचं काय करायचं ते आईला विचारायचं होतं. शरयूने सकाळीच अ‍ॅप उघडून दुपारच्या फोनला एक प्रश्न जोडून दिला होता: ‘रेवाच्या हिरड्या सुजल्यात, काय लावू?’ हे आता अंगवळणी पडलं होतं. आधी आधी ती रोज फोन करायची. मग रेवा, मग जानेवारीपासून पुन्हा नोकरी, मग एक दिवसाआड, मग रविवारी. यंत्र रोज बोलतच होतं की. त्याची टिपणं इतकी नीट असायची की आईचा उजवा गुडघा दुखतो हे शरयूला टिपणातूनच कळलं. आईने ते तिला सांगितलं नव्हतं. तिच्या आवाजाला सांगितलं होतं.

तिने अ‍ॅप उघडलं. कुंदा सरोदे, अकोला. दुपारची विचारपूस: हिरवी खूण. एक बेचाळीस.

खाली टिपण नव्हतं.

थोडा वेळ लागतो कधी कधी, म्हणून तिने भेंडी संपवली. पुन्हा बघितलं. खूण होती, टिपण नव्हतं. रेवाच्या लाळेने खांदा ओला झाला होता. तिने नवऱ्याला, निनादला, फोन लावला.

“हिरवं आहे ना?” तो ऑफिसातून म्हणाला. “मग झालं तर.”

“टिपण नाहीये पण.”

“शरू, तू ना, रेवा दोन मिनिटं जास्त झोपली तरी नाकाखाली बोट धरून बघतेस. आईंनी म्हटलं असेल ‘ठेव फोन, कुरड्या घालतेय’. ठेवला असेल फोन.”

असेलही. मेमधल्या सगळ्या दुपारी आई गच्चीत असते, हे खरं होतं. पण मग टिपणात निदान तेवढं तरी असतं.

तिने आईला स्वतः फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. रेवाला जमिनीवर ठेवलं; ती किंचाळली; पुन्हा उचललं. एका हाताने लॅपटॉप ओढून तिने कंपनीचा फलक उघडला. रांग: शून्य. एकही चिठ्ठी शिल्लक नाही. इतक्या दिवसांत रोज हाच शून्य बघून सगळ्यांना बरं वाटत होतं. रिकामी रांग म्हणजे काम चोख.

मग तिने कधीच न बघितलेली गोष्ट बघितली. आज रांगेत चिठ्ठ्या पडल्या किती: एक्केचाळीस हजार आठशे साठ. टिपणं लिहून झाली किती: चाळीस हजार पाचशे चव्वेचाळीस.

तेराशे सोळा कमी.

वर्करने चिठ्ठी उचलली, लगेच पोच दिली, रांगेने चिठ्ठी फाडली, घरच्यांच्या फोनवर हिरवी खूण उमटली. मग मशीन बंद झालं. फोन लागलाच नाही. आणि कुठे काही उरलंच नाही, ना चिठ्ठी ना चूक. तिने भराभर मागच्या दुपारी तपासल्या. पारा बेचाळीस होता त्या दिवशी तफावत शून्य. पंचेचाळीसला चारशे. आज अकोल्यात सत्तेचाळीस. ऊन जितकं वाढत होतं, तितकी जास्त मशिनं बंद होत होती, आणि तितकी जास्त माणसं गळत होती. नेमकी त्याच दिवसांत, ज्या दिवसांसाठी हे सगळं उभं केलं होतं.

आणि महिनाभरात एकही तक्रार नाही. तीनदा आलेल्या फोनबद्दल माणूस भांडतो. न आलेल्या फोनबद्दल कोण फोन करणार?

---

“सर, ती ओळ,” ती म्हणाली. “माझी ओळ. पोच.”

वाघमोडे सरांनी विचारलं, “किती?”

“आज तेराशे सोळा. त्यात माझी आई आहे, सर.”

त्यांनी ‘मी म्हटलं होतं’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. “आधी नवीन चिठ्ठ्या देणं थांबव. जे फोन चालू आहेत ते संपू देत. तोवर ओळ खाली आण, मी इकडून तपासतो. मग टिपण नसलेले सगळे पुन्हा रांगेत घाल. मशिनं वाढवून मिळतात का, मी सर्व्हर-केंद्राच्या बोडक्यावर बसतो. आणि शरयू, लेकराला कुणाकडे तरी दे.”

“कुणी नाहीये.”

“मग रडू दे. रडणारं लेकरू धडधाकट असतं.”

रेवा रडत होती. शरयूने तिला पाळण्यात ठेवलं, पाठ फिरवली आणि टाइप करायला लागली. ओळ खाली आली. मागच्या वर्षी जिथून उचलली होती, तिथेच. तपासणी झाली. चालू फोन संपायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत तिने आईला नऊ वेळा फोन लावला.

तेराशे सोळा नावांची यादी तयार झाली. सर्वांत तापलेली पट्टी सर्वांत वर. पहिलं नाव गणपत ढोके, अठ्ठ्याहत्तर, वरुड. कुंदा सरोदे दोनशे बाराव्या. वर्कर चाळीसच जागे होते. आईचा नंबर यायला सोळा मिनिटं.

“हिला वर घेऊ का, सर?”

“मी बघत नाहीये,” सर म्हणाले.

तिने आईचं नाव उचलून ढोक्यांच्या वर ठेवलं. बाकीच्यांना यामुळे फार तर चार-पाच सेकंद उशीर. हा हिशेब तिने केला, तो बरोबर होता, आणि तरीही बटण दाबण्याआधी तिने तो पुन्हा एकदा केला.

शरयूच्या आवाजाने अकोल्याला फोन लावला. कुणी उचलला नाही. शरयूच्या आवाजाने शेजारणीला, रजिया आपांना, फोन लावला. स्विच ऑफ. मग स्वयंसेवकाची मागणी गेली आणि उत्तर आलं: पंचावन्न मिनिटं. सगळेच कुठे ना कुठे अडकलेले.

यंत्राला याच्यापुढे काही करता येत नव्हतं. त्याने आपलं काम चोख केलं होतं.

शरयूने स्वतःच्या फोनमधले नंबर चाळले. अकोल्याचा एकच होता, आईचा. जिथे ती अठरा वर्षं वाढली त्या गल्लीतल्या एकाही माणसाचा नंबर तिच्याकडे नव्हता. सगळे अ‍ॅपमध्ये भरून टाकले होते, आणि अ‍ॅपमधले नंबर कुलूपबंद. ते फक्त वर्कर वाचू शकत. तो नियमही कंपनीत तिनेच मांडला होता.

तिने नकाशा उघडला. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी. तिथे नंबर लिहिलेला होता.

“हव, राठी गिरणी. दळण आज नाई भेटत, लाइट गेली.”

“काका, मी शरयू. सरोदेंची. कुंदाबाईंची मुलगी.”

“सरोदेबाईंची पोरगी तं पुण्याले असते.”

“मीच ती. पुण्याहूनच बोलतेय.”

“अरे बापा! मंग आईले सोडून मले कायले फोन लावला?”

“आई उचलत नाहीये. काका, जरा घरी जाऊन बघता? गच्चीतही बघा. तुमच्या पाया पडते.”

“पाया गिया नको पडू, फोन चालूच ठेव.” मग चपलांचा आवाज. शटर ओढल्याचा आवाज. जड श्वास, राठीकाकाही सत्तरीचे असणार. “सरोदेबाई! ओ बाई!” कडी वाजली. “दार तं उघडंच आहे व. वर चाललो मी.” पायऱ्या. शरयू मोजत होती. गच्चीपर्यंत एकवीस पायऱ्या.

एकवीसच्या आधीच पावलं थांबली.

“काका?”

“बाई! ओ सरोदेबाई! डोळे उघडा!” मग खाली गल्लीत मोठ्याने, “अबे पाणी आना रे कोणी! बादली आना!” आणि मग तिला, एकदम हळू आवाजात, “जिन्यात पडेल आहे. अंग तव्यावानी आहे पोरी. पण श्वास आहे. श्वास चालू आहे.”

---

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरयू रेवाला घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात पोचली. आईच्या हाताला सलाइन होतं. ओठ फुटले होते, तरी तिने पहिल्यांदा रेवाच्या तोंडात बोट घालून हिरड्या चाचपल्या.

“दोन आहेत खालचे. तुले काई समजत नाई.”

“आई, किती दिवस दुपारचा फोन येत नव्हता?”

“रोज नाई. चार-पाच खेपा नाई आला.”

“मग सांगितलं का नाहीस? सकाळी बोलायचीस ना त्या... माझ्याशी.”

कुंदाबाईंनी बोट पदराला पुसलं. “मांगच्या साली मी बोल्ली होती ना तुले, म्हैस-गिस. मले वाटलं, तूनंच कमी केले असतीन. लेकरू आहे, नोकरी आहे. म्हटलं, पोरीले त्रास होत असंन माह्या बोलण्याचा, मंग कायले विचारा? दुपारी फोन वाजला की मी गच्चीवरून खाली येत जाओ. नाई वाजला, मंग राह्यली वरच.”

शरयूने त्यांचा हात धरला. पट्टीखालची कातडी पांढरी पडली होती.

तेवढ्यात फोन थरथरला. वाघमोडे सर. ती व्हरांड्यात गेली.

“तेराशे सात सापडले,” सर म्हणाले. “बरेचसे ठीक. दवाखान्यात एकसष्ट. नऊ उरले होते, त्यातल्या आठांचा पत्ता लागला.”

“आणि नववे?”

“वरुडचे ढोके. स्वयंसेवक पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. डॉक्टर म्हणाले, दुपारी साडेबाराच्या सुमारासच गेले असावेत. तू त्यांच्या वर नाव टाकलंस त्याचा काही संबंध नाही. शरयू, ऐकतेस ना?”

ती ऐकत होती. संबंध नव्हता, हे तिला त्यांच्याइतकंच कळत होतं. संबंध वर्षभरापूर्वीच्या एका ओळीशी होता. ढोक्यांचा न लागलेला फोन साडेअकराचा. नागपूरच्या केंद्राने त्या दिवशी एकची वाट न बघता अकरालाच मशिनं बंद करायला घेतली होती.

“त्यांच्या मुलाने फोन केला होता, बेंगळुरूहून,” सर म्हणाले. “ओरडला नाही. एकच विचारत होता. म्हणे, माझ्याकडे अजूनही हिरवी खूण दिसतेय. मग बाबा कसे गेले?”

थोड्या वेळाने डायरेक्टरांचा मेल आला. सगळ्या कुटुंबांना पाठवायचा मजकूर सोबत होता: ‘अतिउष्णतेमुळे काही विचारपूस-फोन विलंबाने गेले. त्रुटी दूर करण्यात आली आहे.’ ज्याला ती ओळ माहीत आहे त्यानेच हे तपासून पाठवावं, असं वर लिहिलं होतं.

व्हरांड्यात बाकावर बसून, मांडीवर झोपलेली रेवा सांभाळत, शरयूने तो मजकूर पुसला. मग एका अंगठ्याने लिहायला लागली. मध्ये एकदा सरांना विचारलं, “हे गेलं तर माझी नोकरी जाईल ना?” सर म्हणाले, “जाईल. माझीही. पाठव.”

चाळीस हजार घरांत जे पोचलं, ते असं:

“मी शरयू इंगोले. ‘विचारपूस’चा हा भाग मी लिहिला आहे. फोन उशिरा गेले नाहीत. ते गेलेच नाहीत. मागच्या वर्षी मी घाईत एक बदल केला. त्यामुळे फोन लागण्याच्या आधीच तुम्हाला हिरवी खूण दिसू लागली. यंदाच्या उन्हात अशा हजारो खुणा खोट्या होत्या. एक गृहस्थ वारले. माझी आई थोडक्यात वाचली, आणि तीही गल्लीतल्या एका माणसाने जिना चढून बघितलं म्हणून. चूक आता दुरुस्त केली आहे. पण हे वाक्य वाचून निश्चिंत होऊ नका; खुणेवर मीही निश्चिंत होते.

तुमच्या माणसाने तक्रार केली नसेल. करणारही नाही. त्यांना वाटतंय की तुम्हीच फोन कमी केलेत, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून ते गप्प आहेत. म्हणून हे वाचून झाल्यावर अ‍ॅप उघडू नका. ज्यांच्या नावापुढची खूण बघून तुम्ही आज फोन केला नाहीत, त्यांना स्वतः फोन लावा. उचलला नाही तर त्यांच्या गल्लीतल्या कुणालाही लावा, गिरणीवाल्याला, दूधवाल्याला, कुणालाही, आणि त्याला वरपर्यंत जाऊन बघून यायला सांगा. कृपा करून आत्ता लावा.”